मोजणी कुठून केली?

ट्यूबलाइटला आवाज असतो. जुन्या, चोक बसवलेल्या ट्यूबला तर असतोच. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो, त्या तालावर चोकमधल्या पत्र्या सेकंदाला शंभर वेळा थरथरतात आणि खोलीभर एक सपाट, न थांबणारी घूं पसरते. शाळेचे सगळे धडे मी त्या आवाजाच्या आडून ऐकले. मला वाटायचं, तो सगळ्यांनाच ऐकू येतो आणि सगळे मुकाट सोसतात. मीच तेवढी कमी सोशिक. नव्या फ्रॉकच्या गळ्यामागचं लेबल चावायचं, लोकरीचा स्वेटर घातला की दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही, कढीतलं कढीपत्त्याचं पान जिभेला लागलं की घास पुढे सरकायचा नाही. आई म्हणायची, हळवी आहे. आजी म्हणायची, लाडावलीये. शेजारच्या काकू म्हणायच्या, नाटकं.

चाळिशी ओलांडल्यावर पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी बऱ्याच बैठकांनंतर मला ऑटिझम असल्याचं कागदावर लिहून दिलं. त्यांच्याकडे मी गेले ती धाकट्या भावाच्या मुलामुळे. त्याची तपासणी चालू होती, डॉक्टर भावजयीला एकेक प्रश्न विचारत होते आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून प्रत्येक प्रश्नाचं माझं उत्तर मनातल्या मनात देत होते.

निदानानंतर मी ऑटिझमबद्दल हाती लागेल ते वाचलं. एखाद्या विषयात शिरले की मला बाहेर यायला वेळ लागतो. हेही त्या निदानाचाच भाग निघालं. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांवर निबंध लिहिला, तिथपासून हा इतिहास सांगायची रीत आहे. त्याच्या आधी, १९२०च्या दशकात, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांचं बारकाईनं वर्णन केलं होतं. जगानं ते फार उशिरा वाचलं. कॅनरच्या निबंधात मोठ्या आवाजांनी घाबरणारी मुलं आहेत. तरी आवाज, उजेड, स्पर्श कमीजास्त जाणवण्याला निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्ट जागा मिळाली ती २०१३ साली. मधली सत्तर वर्षं निकषांत काय होतं? मूल डोळ्यांत बघत नाही, मूल इतरांत मिसळत नाही, मूल एकच गोष्ट पुन्हापुन्हा करतं. म्हणजे मुलाकडे बघणाऱ्याला जे दिसतं ते. त्या मुलाला काय ऐकू येतं, हा प्रश्न यादीत यायला एक आयुष्य गेलं.

माझी नोकरी जमीन मोजण्याची आहे, त्यामुळे ही गोष्ट मला पटकन समजली. आता उपग्रहाशी बोलणारे रोव्हर आलेत, पण आम्ही शिकलो ते प्लेन टेबलवर. टेबल शेतात एका जागी मांडायचं, पट्टीतून दिसेल तो हद्दीचा दगड, तो बांध, ते झाड कागदावर उतरवायचं. मध्ये उसाचा फड उभा असेल तर पलीकडची विहीर कागदावर येत नाही. म्हणून ती शेतात नाही असं कुठलाही भूकरमापक म्हणणार नाही. तो टेबल उचलतो आणि फडाच्या पलीकडे नेऊन मांडतो. ऑटिझमची मोजणी फार वर्षं एकाच जागेवरून झाली. टेबल कुणी हलवलं नाही.

त्या एका जागेवरून काय काय दिसलं! १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांचं एक पुस्तक गाजलं. आईच्या मायेला ओल नाही म्हणून मूल असं होतं, हा त्याचा सूर. त्याआधी तीनच वर्षं बर्नार्ड रिमलंड यांनी हे दैहिक कारणांनी, जन्मतः असतं असं पुस्तकभर मांडलं होतं, आणि ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. पण आईला दोष देणं जास्त सोपं पडलं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्या वेळी ती लवकर कामावर रुजू झाली म्हणून पोरगी अशी झाली, हे तिनं नातेवाइकांकडून ऐकलं. बेटेलहाइमचं नाव आमच्या गावात कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. १९९८ साली लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी बारा मुलांवरून लसीचा संशय पसरवला. २०१० साली ‘लॅन्सेट’नं तो निबंध मागे घेतला, त्यांची डॉक्टरकी गेली, संशय अजून व्हॉट्सॲपवर फिरतोच आहे. हल्ली भावजयीला विचारतात, फार मोबाइल दिला होतात का हो याला? मी लहान असताना घरात दूरदर्शनसुद्धा नव्हतं. मी तेव्हा अशी कशामुळे झाले, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

मला मात्र वेगळं ऐकावं लागतं. तुझ्याकडे बघून वाटत नाही गं.

हे कौतुक म्हणून सांगतात, मी तसंच घेते. पण वाटू नये यासाठी जे केलं जातं ते काम आहे, आणि मी ते सहावी-सातवीपासून करते आहे. माझी एक मावसबहीण सगळ्यांची लाडकी होती. तिची मान कलती करण्याची पद्धत, बोलणाऱ्याला मध्येच ‘अय्या, खरंच?’ म्हणण्याची वेळ, हसताना तोंडावर हात नेणं, हे मी पाठ्यपुस्तकासारखं पाठ केलं. हळदीकुंकवाला कुणाला काय विचारायचं याची माझ्याकडे यादी असते: साडी कुठली, लेक कितवीला, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. डोळ्यांत बघणं मला जड जातं; समोरचीचे डोळे बघायचे तर तिचे शब्द निसटतात, शब्द धरायचे तर डोळे सोडावे लागतात. त्यावर मी टिकलीचा उपाय काढला. समोरच्या बाईच्या टिकलीवर नजर ठेवली की तिला वाटतं आपल्याकडेच बघतेय. पुरुषांच्या बाबतीत चष्म्याची दांडी. ज्यांना टिकलीही नाही आणि चष्माही नाही, त्यांच्याशी माझं बोलणं लवकर आटपतं.

संशोधकांनी आता या सोंगालाही मोजायला घेतलं आहे. २०१८ साली त्याची एक प्रश्नावली निघाली. ऑटिझम मुलग्यांत चौपट असतो असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात ते प्रमाण तिपटीच्या जवळ आलं, आणि बऱ्याच मुली निदानातून निसटतात असं त्यातून दिसलं. निसटतील नाही तर काय? आपल्याकडे मुलगी गप्प बसली की शहाणी ठरते, मान खाली घातली की संस्कारी ठरते, एकटी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली की अभ्यासू ठरते. मला शाळेत दरवर्षी शिस्तीचं बक्षीस मिळायचं.

या कामाची मजुरी नंतर कापली जाते. लग्नाचा मांडव असावा: बँड, त्यावर माइकवर मंगलाष्टका, अत्तर, मोगरा, घाम, तळणीचा वास, दहा दिशांनी येणारे आणि खांद्यावर थाप मारणारे हात. हे सगळं माझ्यात एकदमच शिरतं. कुठलं मागे सारायचं आणि कुठलं पुढे ठेवायचं याची निवड माझं डोकं आपोआप करत नाही, ती मला बसून करावी लागते. त्यानंतर मी घरी येते, पडदे ओढते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकते. नवरा शेजारच्या खोलीतून मोबाइलवर संदेश पाठवतो, चहा हवा का? मी एक अंगठा पाठवते. हा संसार बाहेरून विचित्र दिसत असेल. आतून तो फार सुखाचा आहे.

यावर लोक म्हणतात, गर्दीचा त्रास सगळ्यांनाच होतो, सगळेच थोडे थोडे तसे असतात. त्यामागचा चांगुलपणा मला कळतो. मांडवातून घरी आल्यावर थकायला सगळेच थकतात, हेही खरं. पण सगळ्यांना नोकरी निवडताना आधी कार्यालयातला आवाज बघावा लागत नाही, घर भाड्यानं घेताना खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी आहे का हे पहिल्यांदा विचारावं लागत नाही, आणि भूक लागली आहे हे कळायला घड्याळात बघावं लागत नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते एक वाक्य: यांना भावना नसतात. आमचे थोरले काका गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. एकजण आली की काकूंच्या गळ्यात पडायची, हुंदका फुटायचा, मग दुसरी. मला गळ्यात पडता येईना आणि तोंडातून वाक्य निघेना. मी स्वयंपाकघरात पाणी भरलं, कुणाचा उपास आहे कुणाचा नाही ते लिहून काढलं, आणि तिसऱ्या दिवशी वारस नोंदीचे कागद जमवायला बसले. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. काकूंना पुढे तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतील हे त्या घरात फक्त मला दिसत होतं. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, काळीज दगडाचं आहे पोरीचं, काका गेले आणि ही सातबारा काढतेय.

मला रडू आलं ते पुढे कधीतरी, एका गावात मोजणीच्या दिवशी. लगतचे दोन खातेदार बांधावर हातघाईला आले होते, आणि अचानक मला काकांची छत्री धरायची ढब आठवली. मी मशीनजवळ उभी राहून रडायला लागले. दोघेही चपापून गप्प झाले. त्यांना वाटलं, बाई आपल्यामुळे रडताहेत. त्या दिवशीची हद्द विनातक्रार कायम झाली.

भावना उशिरा उमगणं ही वेगळी गोष्ट आहे, ती ऑटिस्टिक माणसांत जवळपास निम्म्यांमध्ये आढळते, आणि ऑटिझम नसलेल्या काहींतही. भावना नसणं हे तिसरंच काहीतरी, आणि त्याचा ऑटिझमशी संबंध नाही. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी साधा प्रश्न मांडला: आम्हाला तुमचं मन वाचता येत नाही असं तुम्ही म्हणता, पण तुम्हाला आमचं कुठे वाचता येतं? न समजणं दोन्हीकडून आहे, मग उणीव एकाच्याच नावावर का? पुढे कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं आणि २०२० साली छापलं. आठ-आठ माणसांच्या रांगा केल्या. पहिल्यानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि शेवटपर्यंत किती तपशील पोचतात ते मोजायचं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट तितकीच पोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या रांगेत. गळती जास्त झाली ती मिसळ रांगांमध्ये. इथे कुणीतरी टेबल उचलून फडाच्या पलीकडे मांडलं होतं, आणि विहीर तिथे होती.

भावना नाहीत हा एक समज, तर अचाट बुद्धी असते हा दुसरा. १९८८च्या ‘रेन मॅन’नंतर तो जगभर पसरला. त्यातलं पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्या किम पीक यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. त्यांना ऑटिझम नव्हता असंच पुढे मानलं गेलं. तरी कार्यालयात कुणाला कळलं की विचारतात, मॅडम, सत्तेचाळीस गुणिले एकोणसाठ? मी मोबाइल काढून गणित करून देते. ते जरा खट्टू होतात. माझं वेड आकड्यांचं नाही, जुन्या टिपणांचं आहे. तेहतीस फुटी साखळीनं मोजलेली, आण्यांत लिहिलेली, कडा तुटलेली टिपणं उलगडून ती आजच्या नकाशाशी जुळवत बसणं यासारखं सुख नाही. ते काम इतरांना कंटाळवाणं वाटतं म्हणून माझ्याकडे येतं, आणि माझ्याकडून ते नीट होतं. यात चमत्कार काही नाही. सोय आहे, दोन्ही बाजूंची.

हे सगळं मी लिहू शकते, बोलू शकते, पगार घेते. माझा भाचा तोंडानं शब्द बोलत नाही. म्हणून मला समजावतात की तुझा तो सौम्य, त्याचा तीव्र. तू आणि तो एका नावात कसे? लोर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी १९७९ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यानंतर ऑटिझमकडे एका मोठ्या पटासारखं बघायची सुरुवात झाली. पण त्या पटालाही लोकांनी सौम्य आणि तीव्र अशी दोन टोकं लावून टाकली. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे. चाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरपासून एकशे सहापर्यंत सौम्य, एकशे त्रेपन्नपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. मोजपट्टी लागते हे मोजणीच्या माणसाला सांगायला नको. कागद नसेल तर हक्क नाही. संवेदनांचा भागही त्या चाळिसांत आहे, पण तोही गुण देणाऱ्याला दिसेल तेवढाच. त्यामुळे ‘सौम्य’ या शेऱ्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच होतो, की हिच्यामुळे इतरांना फारसा त्रास नाही. हिला किती आहे, त्याचा रकाना वेगळा हवा होता.

भाच्याचं उलट होतं. तो बोलत नाही म्हणून त्याला समजत नाही असं धरून माणसं त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलतात. तो चित्रांच्या ॲपवर ‘बाहेर’ दाबतो, पुन्हा ‘बाहेर’ दाबतो. तुम्ही विषय बदला, एवढंच त्याचं म्हणणं असतं. कुकर लावला की तो घरभर धावायचा. भावजयीला वाटे, आवाजाला घाबरतो. मी म्हटलं, आवाजाला कमी आणि कधी होईल हे कळत नाही त्याला जास्त. आता ती शिट्टी व्हायच्या बेतात आली की त्याला हात वर करून दाखवते. तो कान झाकतो, शिट्टी होते, तो हात काढतो. धावणं थांबलं.

पण मी त्याच्या वतीनं बोलते असं कुणी समजू नये. मला त्याच्या एका कोपऱ्याची वाट ठाऊक आहे, इतकंच. त्याला अंघोळीपासून जेवणापर्यंत माणूस लागतो, भावजय रात्रभर सलग झोपत नाही, आणि ‘ऑटिझम म्हणजे देणगी’ असले फलक तिला वाचवत नाहीत. ती मला एकदा म्हणाली, “ताई, तुमचं काय, तुम्ही कमावता. आमच्या मागे याचं कोण?” यावर मी धीराचं काही बोलले नाही. धीराचं बोलणं मला जमत नाही, आणि तिलाही ते नको होतं. आम्ही कायदेशीर पालकत्वाचा अर्ज कसा करतात ते वाचायला बसलो.

दोन एप्रिलला, ऑटिझम जागृती दिनी, इमारतींवर निळे दिवे लागतात, पत्रकांवर लहान मुलांची चित्रं असतात. तपासणीच्या खोल्यांतही खेळणी आणि बुटक्या खुर्च्या. ही मुलं मोठी होतात हे कुणाच्या लक्षातच येत नाही की काय, असं वाटतं. कॅनरच्या अकरा मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, २०२३ साली वारला तेव्हा एकोणनव्वद वर्षांचा होता. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी परत आणला. पुढे तो मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावात, फॉरेस्टमध्ये, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला. गावानं त्याला बरं केलं नाही. गावाला तो ठाऊक होता, त्याच्या सवयी ठाऊक होत्या, आणि त्यांना कुणी हरकत घेत नव्हतं. मात्र ती बँक त्याच्या आजोळची होती, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या भाच्याच्या आजोळी सव्वा एकर कोरडवाहू आहे.

ज्यांच्या आजोळी बँक नाही त्यांच्यासाठी कायदा असतो. १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. २०१६च्या कायद्यानं तो एकवीस अपंगत्वांत घातला आणि सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का त्याला बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून दिला. एक टक्क्यात पाच खातेदार. पोटहिश्शाची मोजणी करणाऱ्याला त्यात किती येतं ते लगेच दिसतं. तरी सातबाऱ्यावर नाव लागलं आहे, हे मी कमी मानत नाही. त्याच कायद्यात वाजवी सोयीची तरतूद आहे. मला लागणाऱ्या सोयी स्वस्त आहेत: सूचना लेखी द्या, बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवा, ‘जमेल तसं करा’ऐवजी काय करायचं ते सांगा. आमच्या साहेबांनी हे सुरू केल्यापासून आणखी तीन सहकाऱ्यांचं कामही सुधारलंय, आणि त्या तिघांना ऑटिझम नाही.

घरच्यांनाही मी आता असंच लेखी कळवते. त्या लाडक्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न या महिन्यात आहे. मी मावशीला लिहिलं की मुहूर्ताच्या आधी येईन, नवरीला भेटेन, बँड सुरू व्हायच्या आत निघेन. पहिली पंगत किती वाजता बसणार ते कळव. मावशीचा लगेच फोन आला, “अगं, तू मुहूर्ताला नसलीस तर लोक काय म्हणतील?” लोक काय म्हणतील याचा मला खरंच अंदाज नाही, त्या विषयात मी पहिल्यापासून कच्ची आहे. मी तिला पुन्हा लिहिलंय: पहिली पंगत किती वाजता?